मालगुडीचे आजोबा

बेळगोळ, कृष्णराजसागर पाहायला म्हैसूरला जाल, तेव्हा यादवगिरीतले आर. के. नारायण यांचे घर जरूर बघा. 2016 पासून तिथे संग्रहालय आहे. कॉफी अन् बाजारातल्या दुकानदारांशी गप्पा, दोन्हींचे या लेखकाला भारी वेड!

पण 1939 मध्ये पत्नी राजम टायफॉइडने गेल्या. पदरात चिमुरडी हेमा. अशा वेळी आपल्याकडे पहिली सूचना येते ती दुसऱ्या लग्नाची. नारायण यांनी पुन्हा लग्न केले नाही, लेकीला वाढवले. ‘द इंग्लिश टीचर’ ही 1945 ची कादंबरी त्याच दुःखातून आली.

पुढे नातवंडे झाली. राज्यसभेवर नियुक्त झाल्यावर 1989 मध्ये पहिलेच भाषण त्यांनी कशावर करावे? शाळकरी पोरांच्या पाठीवरच्या दप्तरावर! ओझ्याने मुले वाकून चालतात, हे भर सभागृहात सांगायला आजोबाच हवेत. नंतर सरकारने यशपाल समिती नेमली. तिचा अहवाल 1993 मध्ये आला.

1994 मध्ये हेमाही कर्करोगाने गेली. म्हाताऱ्या बापाने तेही सोसले. 13 मे 2001 रोजी चेन्नईत ते गेले, तेव्हा 94 वर्षांचे होते.