उत्तर कोण देणार?

मुक्त सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी ही त्यातली घराघरांत पोचलेली नावं. अशा प्रकल्पांवर राबणारे कितीतरी जण बिनपगारी असतात आणि एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. त्यांचा मेळ घालणं हे कम्युनिटी मॅनेजरचं काम. पुण्यात बसून मी तेच करते.

यातला मोठा भाग म्हणजे उत्तरं देणं. परवा एका कॉलेजातल्या मुलानं आमच्याकडे त्याची पहिली दुरुस्ती पाठवली. तारखेच्या रकान्यात देवनागरी अंक टाकले की प्रोग्रॅम अडायचा, ते त्यानं चार ओळींत सोडवलं होतं. फक्त दुरुस्ती नीट चालते का हे तपासणारी टेस्ट सोबत जोडायची राहिली होती. ‘टेस्ट नाही’ एवढंच कोरडं उत्तर गेलं असतं, तर तो पुन्हा फिरकला नसता. चूक नेमकी पकडलीस, असं मी आधी कळवलं. मग टेस्टची फाइल कुठे असते ते दाखवलं आणि कोड तपासणाऱ्याच्याही मागे लागले. नवख्यांना झेपतील अशी कामं बाजूला काढून ठेवणं, वाद चिघळायच्या आत दोघांशी वेगवेगळं बोलणं हेही माझ्याकडेच. उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात जोनो बेकन यांनी 2006 ते 2014 हे पद सांभाळलं. ‘द आर्ट ऑफ कम्युनिटी’ हे त्यांचं 2009 चं पुस्तक मी अजूनही उघडते.

पण सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कोण थकलंय ते वेळेत ओळखणं. ‘एक्सझेड युटिल्स’ हे फाइल कॉम्प्रेस करणारं साधन बहुतेक लिनक्स सिस्टिममध्ये असतं. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस फुकट सांभाळत होता. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला: काम रखडतंय, दुसऱ्या कुणाला घ्या. आपली ओढाताण त्यानं उघडपणे सांगितली होती. मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या व्यक्तीकडे हळूहळू अधिकार गेले आणि 2024 च्या फेब्रुवारीत तिनं त्यात चोरवाट घुसवली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या शंकेपायी अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनियरनं ती मार्चअखेरीस उघडकीला आणली. तोवर ती फारशी पसरली नव्हती, हे नशीब.

त्या तगाद्याला परस्पर उत्तर देणारं, ‘थांबा, आधी याला माणसं मिळवून देऊ’ म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. एवढ्याशा प्रकल्पाला त्यासाठी पगारी माणूस ठेवणं परवडत नाही. या कोडवर धंदा उभा करणाऱ्या कंपन्यांनी तो खर्च उचलायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

आणि तुम्ही? लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्स मराठीतून वापरून पाहा. एखादा शब्द खटकला तर त्यांना जरूर कळवा. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही.