हवाईच्या सीलची हजेरी

हवाईच्या किनाऱ्यावर कधीकधी वाळूत एखादा मोठा करडा ओंडका पडल्यासारखा दिसतो आणि तासाभराने तो ओंडका कूस बदलतो! हा हवाईचा मंक सील. समुद्रात शिकार करून दमला की तो वाळूवर येऊन तासन् तास झोपतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, मेला असावा किंवा लाटेने बाहेर फेकला गेला असावा. काही भले लोक त्याला पुन्हा पाण्यात ढकलायलाही निघतात. त्यांना अडवायला जवळच एखादा स्वयंसेवक बसलेला असतो. सीलभोवती दूरवर दोरी बांधलेली, सूचनेची पाटी लावलेली, हातात कॅमेरा आणि नोंदवही. त्या वहीतला पहिला प्रश्न असतो : हा नेमका कोण?

‘सील आहे’ एवढे उत्तर पुरत नाही, कारण ही प्रजाती फक्त हवाईच्या द्वीपसमूहात आढळते आणि जगातली तिची एकूण संख्या सुमारे १६०० आहे. म्हणजे एखाद्या मोठ्या शाळेच्या पटावर अख्खी प्रजाती मावेल. त्यातले सुमारे १२०० सील वायव्येकडच्या दुर्गम बेटांवर राहतात आणि ४००च्या आसपास ओआहू, कवाई, मोलोकाई अशा माणसांच्या वस्तीच्या बेटांवर. यांचा चुलतभाऊ, कॅरिबियन मंक सील, शेवटचा दिसला तो १९५२ मध्ये. २००८ मध्ये तो अधिकृतपणे नामशेष ठरला. हवाईतले सीलही अनेक दशके घटत होते. २०१३ पासून मात्र त्यांची संख्या दरवर्षी साधारण दोन टक्क्यांनी वाढते आहे.

ओळखायचे कसे?

सर्वांत सोपी खूण म्हणजे बिल्ला. पिल्लू आईचे दूध तोडले की त्याच्या मागच्या, वल्ह्यासारख्या पायांना प्लास्टिकचा बिल्ला लावतात. त्यावर अक्षरे व आकडे असतात. पण सील त्यावरच लोळतो, बिल्ला वाळूत गाडला जातो, झिजतो, कधी तुटून पडतो. म्हणून काही सीलच्या केसांवर, तो झोपेत असताना, केस रंगवायच्या ब्लीचने क्रमांक काढतात. हा क्रमांकही कायमचा नव्हे. मंक सील वर्षातून एकदा अक्षरशः कात टाकतो. केसांबरोबर कातडीचा वरचा थरही सोलून निघतो आणि क्रमांक त्याच्यासोबत जातो.

उरतात त्या जन्मभराच्या खुणा : शार्कच्या चाव्याचा व्रण, कुकीकटर नावाच्या छोट्या शार्कने काढलेला गोल लचका, मासेमारीच्या दोरीने गळ्याभोवती उमटलेला वळ, पोटावरचा फिका डाग. यासाठी स्वयंसेवक डोके, दोन्ही कुशी, पोट आणि पाय यांचे फोटो दुरूनच काढतो. सील कूस बदलेपर्यंत थांबावे लागते. कधी दोन तास, कधी संध्याकाळपर्यंत!

ओळख कशासाठी?

लसीकरणाचे उदाहरण घ्या. गोवराच्या विषाणूच्या कुळातला मॉर्बिलिव्हायरस या एवढ्याशा संख्येत शिरला तर हाहाकार उडेल. म्हणून २०१६ पासून या सीलना लस दिली जाते, लांब काठीला लावलेल्या सिरिंजने. डोस दोन, मध्ये साधारण महिनाभराचे अंतर. पहिला डोस घेतलेला सील महिन्याभरात दुसऱ्याच किनाऱ्यावर जाऊन झोपलेला असतो. तिथे त्याला ओळखणारे कोणी नसेल, तर दुसरा डोस द्यायचा कोणाला?

किंवा ‘हनी गर्ल’ची गोष्ट. बिल्ला ‘आर ५ एवाय’. अनेक पिल्लांची ही आई २०१२ मध्ये गालात गळ रुतलेल्या अवस्थेत सापडली. दोरीने जीभही चिरली होती. शस्त्रक्रियेत जिभेचा काही भाग काढावा लागला. असा प्राणी पुढे शिकार करू शकेल का? त्याचे उत्तर पुढच्या काही वर्षांच्या नोंदींनी दिले : ती जगली आणि पुन्हा व्यायलीही. बिल्ल्याची ओळख नसती तर ‘किनाऱ्यावर एक मादी व पिल्लू दिसले’ एवढेच आपल्याला कळले असते. आज जिवंत असलेल्या सीलपैकी सुमारे ३० टक्के अशा मदतीमुळे, किंवा मदत मिळालेल्या मादीच्या पोटी जन्मल्यामुळे, जगात आहेत असा अंदाज आहे.

अवघड असतात ती माणसे

सील पाहण्यापेक्षा माणसे सांभाळणे कठीण. ‘रॉकी’ नावाच्या मादीने २०१७ मध्ये वायकीकीजवळच्या गजबजलेल्या काइमाना किनाऱ्यावर पिल्लाला जन्म दिला. २०२२ मध्ये ती पुन्हा तिथेच व्यायली. तेव्हा पोहणारी एक महिला या मायलेकरांच्या जवळ आली आणि रॉकीच्या हल्ल्यात जखमी झाली. रॉकी आपले पिल्लू राखत होती. स्वयंसेवकाच्या हाती कायद्याचा दंडुका नसतो. त्याच्याकडे असते ती दोरी, पाटी आणि न कंटाळता शंभराव्यांदा तेच समजावून सांगण्याची चिकाटी.

तेव्हा हवाईला जाल तर एवढे लक्षात ठेवा : सीलपासून किमान ५० फूट दूर, पिल्लू सोबत असेल तर १५० फूट. सेल्फीसाठी पुढे जाऊ नका. कॅमेऱ्याचा झूम वापरा. बिल्ला किंवा व्रण फोटोत आला तर वेळ व ठिकाणासह स्थानिक सील-नोंद केंद्राला कळवा. पर्यटकांनी कळवलेल्या नोंदीही याच पटावर चढतात.