लेखांक ७ : तीन शब्द, तीन दप्तरं

पनवेल तालुक्यात जमिनीचा विषय निघाला की पहिला शब्द कानावर येतो तो सातबारा. गाव नमुना ७ सांगतो जमीन कोणाची, नमुना १२ सांगतो तिच्यात पीक कोणतं. दोन्ही एकाच कागदावर आले म्हणून सातबारा. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन ८-अ मध्ये सापडते, तर वारस, खरेदी, बोजा यांचे फेरफार नमुना ६ मध्ये. सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफार क्रमांक असतो आणि खाते क्रमांकावरून ८-अ गाठता येतो. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. एका वहीतल्या क्रमांकावरून दुसऱ्या वहीतली नोंद काढण्याची सवय मात्र तलाठ्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

त्याच वर्षी, १९७० मध्ये, सिडको हे शहर वसवणारं महामंडळ स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी संपादनाखाली आली. शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईचं आंदोलन झालं, पाच जणांचे जीव गेले. पुढे साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली ती या लढ्यातूनच. आजोबांचं नाव कोणत्या सर्व्हे नंबरावर होतं, हे शोधणं इथल्या घरांसाठी हक्काचा प्रश्न आहे. म्हणूनच या आठवड्याच्या डेटाबेस-शोधाच्या सरावाला जमिनीचंच उदाहरण घेतलं आहे.

समजा, कोणी शोधाच्या चौकटीत लिहिलं : म्हात्रे वडघर भात. आडनाव धारकांच्या टेबलात आहे, गाव गावांच्या टेबलात, पीक पिकांच्या टेबलात. नवखा प्रोग्रॅमर हे तिन्ही शब्द एकाच ‘लाइक’मध्ये घालतो आणि पडद्यावर शून्य येतं, कारण पूर्ण वाक्य कोणत्याच रकान्यात लिहिलेलं नसतं.

दुसरा प्रयत्न बहुतेक जण करतात तो असा : सगळी टेबलं ‘जॉइन’ने जोडायची आणि प्रत्येक शब्द सगळ्या रकान्यांत तपासायचा. वरचं उदाहरण यात निघतं, आणि इथेच फसगत होते. एका सर्व्हे नंबराला चार सहधारक आणि दोन पिकं असतील तर जोडणीत आठ ओळी तयार होतात. एकच जमीन अनेकदा दिसू लागते. ‘डिस्टिंक्ट’ लावून ती गर्दी झाकता येते. पण ‘म्हात्रे पाटील’ असा शोध घेतला तर? सामाईक जमिनीत एक धारक म्हात्रे, दुसरा पाटील. जोडलेल्या प्रत्येक ओळीत धारक मात्र एकच. त्यामुळे दोन्ही शब्द एका ओळीत कधीच भेटत नाहीत आणि खरी असलेली जमीन यादीतून गायब होते. वरवर नीट दिसणाऱ्या क्वेरीतली ही चूक सर्वांत घातक.

प्रश्न ओळीला विचारायचा नसतो, जमिनीला विचारायचा असतो. या जमिनीचा कोणी धारक म्हात्रे आहे का, किंवा गावाचं, पिकाचं नाव तसं आहे का? एसक्यूएलमध्ये त्यासाठी ‘एक्झिस्ट्स’ आहे. प्रत्येक शब्दासाठी अशा तपासण्यांचा एक गट करायचा, गटाच्या आत ‘ऑर’, दोन गटांमध्ये ‘अँड’. जावात वाक्य मोकळ्या जागांवर तोडून शब्दांवर लूप फिरवला की गट आपोआप वाढत जातात. शब्द मात्र थेट क्वेरीत चिकटवायचे नाहीत, नाहीतर चौकटीत लिहिलेला मजकूर डेटाबेसला आज्ञा देऊ लागतो. ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’मध्ये प्रश्नचिन्ह ठेवावं, आणि टक्क्याची खूण प्रश्नचिन्हाभोवती न लावता पाठवायच्या शब्दाला लावावी. जेपीए वापरणाऱ्यांना २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून क्रायटेरिया एपीआय मिळाला. तिथेही रचना हीच, उपक्वेरीसह.

मराठीची स्वतःची एक अडचण आहे, आणि इंग्रजी पुस्तकं तिच्याबद्दल सहसा बोलत नाहीत. ‘गोऱ्हे’मधला र कोणी ऱ वापरून टाइप करतो, कोणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे जोडणारं अदृश्य अक्षर घालतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. जावाचा ‘नॉर्मलायझर’ इथे पुरत नाही. हा बदल स्वतः लिहावा लागतो, साठवताना आणि शोधतानाही. आसूडगाव आणि आसुडगाव अशी दोन रूपं असतील तर गावाच्या टेबलाला पर्यायी नावांचं टेबल जोडणं हाच सरळ मार्ग.

शब्दाच्या आधी टक्क्याची खूण आली की साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. एका गावापुरतं ते जाणवत नाही, जिल्ह्याच्या नोंदींत जाणवतं. त्यावरचा उपाय, म्हणजे डग कटिंग यांनी १९९९ मध्ये जावात लिहिलेलं ल्युसीन, पुढच्या लेखांकात. तोवर वाचकांनी एक करावं : चाचणीच्या टेबलात म्हात्रे आणि पाटील असे दोन सहधारक असलेला एक सर्व्हे नंबर भरावा, दोन्ही आडनावं एकत्र शोधावीत आणि उत्तरात नेमकी एकच ओळ येते का ते पाहावं.