१,४२,८५७ चा ताळा

सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांना आम्ही नेहमी सांगतो, पगाराचा हिशेब स्वतः पडताळा. गणितातही तेच करावे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांपैकी एक १,४२,८५७. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक वेगळे काढा. २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज पुन्हा १४२८५७!

यात चमत्कार नाही. अशी बेरीज करताना वर्गातून ९,९९,९९९ ही संख्या २०४०८ वेळा वजा होते. ती मूळ संख्येची सातपट. म्हणजे एकूण १,४२,८५६ पट गेली. वर्ग होता १,४२,८५७ पट. उरली एक पट, मूळ संख्याच. शाळा अर्धवट सुटलेल्या आम्हांलाही हे कागद-पेन्सिलीने उमगले. ज्याला ताळा करता येतो, त्याला फसवणे कठीण.