एलियट परगणा (मतदानवर्तन)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी केंटकी राज्याच्या ईशान्य भागातील एक डोंगराळ, ग्रामीण परगणा. क्षेत्रफळ सु. ६०० चौ. किमी.; लोकसंख्या सु. ७,४०० (२०२०). मुख्य ठिकाण सँडी हुक. लोकवस्ती बहुतांशी गौरवर्णीय आहे. याच्या उत्तरेस कार्टर, पूर्वेस लॉरेन्स, दक्षिणेस मॉर्गन व पश्चिमेस रोवन हे परगणे आहेत. अध्यक्षीय निवडणुकांतील असामान्य पक्षनिष्ठा व तिचा आकस्मिक शेवट यांमुळे मतदानाच्या अभ्यासात या परगण्याचा उल्लेख वारंवार येतो.

परगण्याची स्थापना १८६९ मध्ये झाली. त्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे १८७२ च्या निवडणुकीपासून २०१२ पर्यंतच्या सलग ३६ अध्यक्षीय निवडणुकांत येथे डेमॉक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारासच आघाडी मिळाली. १९७२ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली, तेव्हाही एलियटने जॉर्ज मॅकगव्हर्न यांना बहुमत दिले; १९८४ मध्ये रॉनल्ड रेगन यांच्या प्रचंड विजयाच्या वेळीही येथील कौल वॉल्टर माँडेल यांच्या बाजूने होता.

या निष्ठेचे मूळ यादवी युद्धात (१८६१–६५) आहे. केंटकी राज्य संघराज्यातच राहिले, तरी त्यातील लोकमत दुभंगलेले होते. ज्या भागांत संघराज्याविषयी निष्ठा प्रबळ होती, त्यांतील अनेक परगणे रिपब्लिकन पक्षाकडे वळले. दक्षिणेविषयी सहानुभूती असलेले भाग डेमॉक्रॅटिक राहिले. पक्ष हा वडिलार्जित वारसा ठरला. १९३० नंतर फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ धोरणाने या वारशास आर्थिक आधार दिला. तंबाखूच्या लागवडीवरील कोटा व आधारभूत किंमत यांमुळे लहान शेतकऱ्यास खात्रीचे उत्पन्न मिळू लागले. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने खेडोपाडी वीज नेण्यास चालना दिली. सरकारचे साहाय्य व पक्ष यांची सांगड ग्रामीण मतदारांच्या मनात पक्की बसली.

हा पाया कालांतराने खचत गेला. तंबाखूची कोटापद्धती २००४ च्या कायद्याने संपुष्टात आली. पूर्व केंटकीतील कोळसा उद्योगाचा ऱ्हास झाला; ईशान्येकडील अ‍ॅशलंड येथील पोलाद कारखान्याची झोतभट्टी २०१५ मध्ये बंद पडली. याच काळात गर्भपात, शस्त्रबाळगणी, पर्यावरणविषयक निर्बंध इ. प्रश्नांवर राष्ट्रीय डेमॉक्रॅटिक पक्ष व ग्रामीण मतदार यांच्यातील अंतर वाढत गेले. शेजारच्या परगण्यांत हा बदल आधीच दिसू लागला होता. एलियटमध्ये तो उशिरा, परंतु अधिक वेगाने आला. डेमॉक्रॅटिक उमेदवारास येथे २००४ मध्ये सु. ७०%, २००८ मध्ये सु. ६१% व २०१२ मध्ये सु. ४९% मते मिळाली. २०१२ मधील बराक ओबामा यांची आघाडी केवळ ६० मतांची होती. २०१६ मध्ये डॉनल्ड ट्रंप यांना सु. ७०% मते मिळून दीर्घ परंपरा खंडित झाली. २०२० व २०२४ मध्येही कौल रिपब्लिकन पक्षाच्याच बाजूने गेला.

स्थानिक राजकारणात मात्र जुनी निष्ठा अधिक काळ टिकली. सँडी हुकचे डेमॉक्रॅटिक नेते रॉकी अ‍ॅडकिन्स हे १९८७ ते २०१९ या काळात राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचे सदस्य होते. २०१९ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत परगण्याने अँडी बेशिअर या डेमॉक्रॅटिक उमेदवारास बहुमत दिले. परिचित उमेदवारास दिलेले मत व राष्ट्रीय पक्षास दिलेले मत यांत मतदार भेद करतात, हे यावरून दिसते.

परगण्यात अध्यक्षीय निवडणुकीत अडीच-तीन हजारांच्या आसपासच मतदान होते; राज्याची सर्व निर्वाचक मते बहुमत मिळविणाऱ्या उमेदवारास जात असल्याने एलियटच्या कौलाचा निकालावर प्रत्यक्ष परिणाम नगण्य असतो. तथापि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पक्षनिष्ठा तिला पोसणारी आर्थिक व सामाजिक परिस्थिती बदलल्यावर किती थोड्या काळात मोडू शकते, याचे हा परगणा एक ठळक उदाहरण होय.