नाल कुणाला, तोटा कुणाला?

आमचं पाटस पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव. रस्त्यावरच्या गावाला एक गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते : गाडी थांबली तर चूल पेटते. चहावाला, पंक्चरवाला, ढाबेवाला, पाटीत पेरू घेऊन बसलेली बाई, सगळ्यांचं पोट त्या थांबण्यावर. २०२०च्या मार्चअखेर हा रस्ता असा ओस पडला, की भरदुपारी कुत्री डांबरावर पाय ताणून झोपायची.

त्याच्या आठवडाभर आधी ओळखीतला एक मुलगा गोव्याहून परत आला. पणजीला मांडवी नदीत ज्या कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात, त्यांतल्या एकीवर तो पत्ते वाटायचं काम करायचा. गावात मात्र ‘हॉटेलात आहे’ एवढंच सांगितलेलं. आता बोट बंद पडली म्हटल्यावर सगळं उघड झालं. पारावरच्या एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं, “का रं, जुगाराचा अड्डा बी कधी तोट्यात जातो व्हय?”

श्रोतेहो, आज मला याच प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. माझ्या घरच्या संस्कारात जुगार हराम, तेव्हा कॅसिनोची वकिली मी करणार नाही. पण जिथे हजारो माणसं पोटासाठी राबतात, त्या धंद्यावर महामारी आली तेव्हा काय झालं, हे समजून घ्यायला हरकत नसावी.

आधी हा धंदा चालतो कसा ते पाहू. गावच्या अड्ड्यावर तीन पत्तीचा डाव बसतो, तेव्हा जागेचा मालक प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो. त्याला ‘नाल’ म्हणतात. कॅसिनोत ही नाल हिशेबातच मुरवलेली असते. रूलेटचं चाक घ्या. शून्य ते छत्तीस असे त्यावर ३७ खाने. समजा, ३७ माणसांनी एकेका खान्यावर शंभर-शंभर रुपये लावले. टेबलावर जमले ३,७०० रुपये. जिंकणाऱ्याला पस्तीसपट, म्हणजे ३,५०० आणि त्याचे स्वतःचे शंभर मिळाले. उरले शंभर. ते मालकाचे. यात फसवणूक नाही, हातचलाखी नाही. चाक फिरत राहिलं की शेकडा पावणेतीनच्या आसपास रक्कम मालकाच्या गल्ल्यात जमत राहते.

पण ‘फिरत राहिलं की’ हीच त्यातली अट. एखाद्या रात्री एखादं गिऱ्हाईक मोठी रक्कम जिंकून जातं. ती भरून निघते ती बाकीच्या गर्दीमुळे. म्हणजे कॅसिनोचं खरं पीक पत्ते नव्हे, गर्दी. आणि महामारीने नेमकी गर्दीच बंद केली. म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. जुगारात न हरणारा मालक, खेळायला कुणी नसलं की हरतो.

गोव्याची गोष्ट तर आणखी विचित्र. तिथल्या जुगारबंदीच्या १९७६च्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांच्या यंत्रांना परवानगी मिळाली. १९९६च्या दुरुस्तीने पाण्यातल्या बोटींवर टेबलावरचे खेळ सुरू करायची वाट मोकळी झाली. पुढे मांडवीत एकामागून एक अशा सहा बोटी उभ्या राहिल्या. गोव्याच्या लोकांचा विरोध होताच. म्हणून सरकारने १ फेब्रुवारी २०२०पासून गोमंतकीयांनाच कॅसिनोत प्रवेश बंद केला. धंदा सगळा परगावच्या पाहुण्यांवर ठेवला. आणि दीडच महिन्यात, मार्चच्या मध्याला, कोरोनामुळे बोटी बंद झाल्या. घरची दारं सरकारने बंद केली होती, बाहेरची रोगाने केली.

बोटी उघडल्या १ नोव्हेंबर २०२०ला, त्याही निम्म्या क्षमतेने. २०२१च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली, पुन्हा टाळं. ते निघालं २० सप्टेंबर २०२१ला. दोन्ही खेपा मिळून जवळपास वर्षभराची बंदी. एकूण पर्यटनाचा हिशेब पाहा. २०१९ साली गोव्यात सुमारे ८० लाख पर्यटक आले होते. २०२० साली ते ३० लाखांच्या आत आले. परदेशी पाहुणे २०१९मध्ये नऊ लाखांहून अधिक, तर २०२१मध्ये अवघे २२ हजारांच्या घरात.

जगभर हेच चित्र होतं. चीनच्या किनाऱ्यावरचं मकाव हे कॅसिनोंचं सर्वांत मोठं गाव. फेब्रुवारी २०२०मध्ये तिथले सगळे कॅसिनो पंधरा दिवस बंद ठेवले. पण खरा घाव बंदीचा नव्हता, सीमा मिटल्याचा होता. २०१९ साली तिथे जुगारातून शंभर रुपये मिळाले असं धरलं, तर २०२०मध्ये एकवीसच मिळाले आणि २०२२मध्ये चौदा. अमेरिकेतल्या लास व्हेगासचे कॅसिनो ७८ दिवस बंद होते. २०१९ साली त्या शहरात सव्वाचार कोटी पाहुणे आले होते, २०२०मध्ये एक कोटी नव्वद लाख.

मग या धंद्याने तग कसा धरला? पहिला उपाय दिसण्यातला. टेबलांवर पारदर्शक पडदे लागले, खुर्च्या कमी झाल्या, मास्क आले, दारात ताप मोजायची यंत्रं आली. दुसरा उपाय गिऱ्हाईक बदलण्याचा. विमानाने येणारा येत नाही ना, मग मोटारीने येणाऱ्याला बोलवा. लास व्हेगासच्या मोठ्या हॉटेलांनी पार्किंगचे पैसे माफ केले आणि शेजारच्या कॅलिफोर्नियाकडे डोळे लावले. गोव्याने सप्टेंबर २०२०मध्ये सीमेवरचे निर्बंध उठवले. परदेशी माणूस नव्हता; मुंबई, पुणे, बेळगाव, बंगळूर, हैदराबादकडच्या गाड्यांनी किनारे भरू लागले.

तिसरा उपाय जुगार सोडून बाकीचं वाढवण्याचा. मकावच्या सरकारने २०२३पासून दहा वर्षांचे नवे परवाने दिले, तेव्हा सहाही कंपन्यांना अट घातली, की पुढची मोठी गुंतवणूक प्रदर्शनं, संगीताचे कार्यक्रम, खेळांचे सामने, खाद्यजत्रा यांत करायची. एकाच पिकावर अवलंबून राहू नये, हे आपल्याकडच्या ऊसवाल्याला जसं उशिरा कळतं, तसं त्यांनाही कळलं.

चौथा उपाय फोनवर जाण्याचा. बोट बंद असली तरी हातातला मोबाइल चालू होता. कॅसिनो चालवणाऱ्या काही कंपन्यांचे आधीपासूनच पत्त्यांचे ऑनलाइन खेळ होते. टाळेबंदीत घरबसल्या माणसांनी ते खेळून पाहिले. हा उपाय मला सगळ्यांत घातक वाटतो. मांडवीवर जायला प्रवासखर्च लागतो, वेळ लागतो, चारचौघांची लाज असते. फोनवर यातलं काहीच आड येत नाही. गावोगावची तरणी पोरं त्यात अडकली. अखेर ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. पण तोवर काहींच्या जमिनी गेल्या होत्या.

पाचवा उपाय सरकारशी बोलण्याचा. गोव्यात एका बोटीचं वार्षिक शुल्क कोट्यवधींच्या घरात आहे. बंद काळाचं शुल्क आम्ही का भरावं, असा वाद कंपन्यांनी घातला, आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. कुणाचं बरोबर, यात मी शिरत नाही. मोठ्या धंद्याला वाद घालायला वकील मिळतो, एवढंच लक्षात ठेवू.

सहावा उपाय सगळ्यांत जुना. माणसं कमी करणं. लास व्हेगासमधल्या एका बड्या कंपनीने ऑगस्ट २०२०च्या अखेरीस १८ हजार कामगारांना नोकरी संपल्याचं कळवलं. एप्रिल २०२०मध्ये त्या शहरातला दर तिसरा कामकरी माणूस बेकार होता. मकावमध्ये सरकारने स्थानिकांना सांभाळायला सांगितलं, पण बाहेरून आलेले हजारो कामगार आपापल्या देशी परतले. आमचा पाटसचा मुलगा त्याच जातकुळीचा. पहिले काही दिवस निम्मा पगार, मग ‘बोलावू तेव्हा या’.

आमच्याच रस्त्यावर, पुण्याच्या दिशेला, चौफुला लागतं. तिथली लावणीची कला केंद्रं साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. लावणी ही कला आहे. तिला आणि जुगाराला मी एका तागडीत घालत नाही. पण टाळेबंदीत कुलूप दोघांनाही सारखंच लागलं. घुंगरू खुंटीला अडकले, ढोलकीवाला मजुरीला गेला. त्यांच्याकडे ना गंगाजळी, ना वकील. राज्य सरकारने २०२१मध्ये कलावंतांना एकरकमी पाच हजार रुपयांची मदत जाहीर केली. दीड वर्षाच्या अंधारात पाच हजार रुपये किती दिवस पुरणार?

म्हणजे म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर असं, की अड्डा तोट्यात जातो खरा, पण तो तोटा खाली ढकलायची सोय मालकाकडे असते. नाल वर जाते, तोटा खाली येतो. पत्ते वाटणाऱ्याकडे, भांडी घासणाऱ्याकडे, बाहेर रिक्षा लावून बसलेल्याकडे.

आपल्या महाराष्ट्रातही कॅसिनोचा कायदा होता, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. तो १९७६चाच. पण सत्तेचाळीस वर्षांत तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. महसूल येईल, रोजगार येईल, अशी मागणी अधूनमधून व्हायची, पुढेही होईल. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच. बरकतीच्या दिवसांत पैसे किती मिळतील, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. गिऱ्हाईक बंद झालं, तर त्या दिवसांत कामगाराला कोण सांभाळणार, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं आहे? हा प्रश्न कॅसिनोपुरता नाही. रिसॉर्ट, वॉटर पार्क, हुरडा पार्टी, पाहुण्यांवर जगणाऱ्या प्रत्येक धंद्याला तो लागू आहे.

तो मुलगा २०२१च्या दिवाळीत परत गोव्याला गेला. मधल्या काळात त्याने भाजीची गाडी लावली, गवंड्याच्या हाताखाली राबला. निघताना भेटायला आला. म्हणाला, “चाचा, टेबलावर पैसे लावणाऱ्याला निदान ठाऊक तरी असतं की आपण जुगार खेळतोय. आम्हाला वाटलं होतं, आपण नोकरी करतोय.”

मी त्याला म्हटलं, “यंदा पगारातून थोडं बाजूला टाकत जा, बाबा.” त्याने मान हलवली आणि एस.टी.त बसला.