सामाजिक वर्ग, लैंगिक वर्तन आणि आरोग्य : महाराष्ट्राच्या अनुभवाच्या संदर्भात

प्रास्ताविक

पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. त्या स्त्रियांपैकी ५२५ जणी शरीरविक्रयाच्या व्यवसायातील होत्या व त्यांच्यात एचआयव्हीच्या लागणीचे प्रमाण सुमारे ५० टक्के आढळले. या आकड्याने त्या काळी फारसे कोणी चकित झाले नसते. उरलेल्या ३९१ स्त्रियांचा या व्यवसायाशी संबंध नव्हता. त्यांतील बहुसंख्य विवाहित होत्या व पतीखेरीज अन्य कोणाशी त्यांचा लैंगिक संबंध आलेला नव्हता. तरीही त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांना लागण झालेली होती. चिकित्सालयात आलेल्या स्त्रियांवरून सर्वसाधारण लोकसंख्येविषयी अनुमान काढणे योग्य ठरणार नाही, हे खरे. परंतु या अभ्यासाने एका प्रचलित समजुतीला धक्का दिला. लैंगिक आजार हा गैरवर्तनाचा परिणाम आहे व सद्वर्तन हे त्यावरील कवच आहे, अशी ती समजूत होय. या स्त्रियांचे वर्तन समाजाला अपेक्षित होते तसेच होते आणि त्याचा त्यांना उपयोग झाला नाही.

व्यक्तीचे लैंगिक वर्तन आणि त्याचे तिच्या आयुष्यावर होणारे परिणाम यांच्यामध्ये तिचे सामाजिक स्थान उभे असते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. येथे 'वर्ग' हा शब्द केवळ उत्पन्नाच्या अर्थाने योजलेला नाही. व्यवसाय, शिक्षण, राहण्याची जागा, आणि नकार देण्याची वा उपचार मिळविण्याची क्षमता यांचा त्यात समावेश होतो. महाराष्ट्रात तो जातीपासूनही पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. देवदासी प्रथेत देवाला सोडल्या गेलेल्या मुली प्रामुख्याने दलित कुटुंबांतील होत्या, एवढे एकच उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लैंगिक आजारांचा बंदोबस्त एका वर्गावर नजर ठेवून करण्याची रीत जुनी आहे. ब्रिटिश सरकारने १८६८ साली हिंदुस्थानात संसर्गजन्य रोगांचा कायदा केला व तो मुंबईतही लागू करण्यात आला. गोऱ्या सैनिकांतील गुप्तरोग ही सरकारची खरी चिंता होती. तथापि नोंदणी व सक्तीची वैद्यकीय तपासणी योजली गेली ती वेश्याव्यवसायातील स्त्रियांसाठी. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांवर या कायद्याने कोणतेही बंधन घातले नाही. इंग्लंडमधील अशाच कायद्यांविरुद्ध जोसेफाइन बटलर यांनी दीर्घकाळ चळवळ केली व ते १८८६ साली रद्द झाले. हिंदुस्थानातील कायदा १८८८ साली मागे घेण्यात आला. कायदा गेला तरी त्यामागची दृष्टी गेली नाही, हे पुढे एड्सच्या काळात दिसून आले.

याच मुंबईत कापड गिरण्यांनी एक निराळी परिस्थिती निर्माण केली. कोकणातून व घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटा येई. मिळणाऱ्या मजुरीत शहरात बिऱ्हाड करणे त्याला परवडत नसे; शिवाय गावची जमीन व म्हातारे आईवडील सांभाळण्यासाठी पत्नीने मागे राहणे कुटुंबाला आवश्यक वाटे. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरातील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून किंचितच अधिक होती. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खाणावळीत जेवणारे आणि शिमग्याला वा गणपतीला गावी जाणारे हे पुरुष कामाठीपुऱ्यासारख्या वस्तीकडे वळले, तर त्याचे स्पष्टीकरण केवळ त्यांच्या शीलात शोधणे अपुरे होय. स्वस्त मजूर मिळावा, पण त्याच्या कुटुंबाच्या निवाऱ्याचा भार उद्योगावर पडू नये, अशी ती व्यवस्था होती. सुटीत गावी जाताना त्यांच्यापैकी काहींनी शहरातला आजारही बरोबर नेला. तो ज्या स्त्रियांना मिळाला, त्यांनी मुंबई पाहिलेलीही नसे.

या विषयाकडे नीतिशास्त्राऐवजी आरोग्यशास्त्राच्या अंगाने पाहणारे महाराष्ट्रातील पहिले ठळक नाव र. धों. कर्वे यांचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील अध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले व १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. गुप्तरोग टाळण्याचे ज्ञान प्रत्येकाला मिळाले पाहिजे, मग तो विवाहित असो वा नसो, ही कर्व्यांची भूमिका त्या काळाच्या कितीतरी पुढची होती. मात्र 'समाजस्वास्थ्य'चा वाचक मुख्यतः शिकलेला, मध्यमवर्गीय होता. साधने विकत घेणे आणि ती वापरण्यापुरता एकांत मिळणे या दोन्ही गोष्टी चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीत दुर्मीळ होत्या. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव पी. जे. रोहम यांनी आंबेडकरांच्या वतीने मांडला. सरकारने ही साधने सर्वांना उपलब्ध करून द्यावीत, असा त्यामागचा विचार होता. हा ठराव मोठ्या बहुमताने फेटाळण्यात आला.

न बोललेले आजार

शहरातील गुप्तरोगांची निदान चर्चा तरी होत असे. खेड्यातील स्त्रियांच्या आजारांची नोंदच नव्हती. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजारांपैकी एक किंवा अधिक विकार होते. पूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. पांढरे जाणे, कंबर दुखणे, ओटीपोटात कळा येणे हे बाईच्या जातीला चालायचेच, असे मानून वर्षानुवर्षे अंगावर काढलेले हे आजार होते.

तपासणी न होण्याची कारणे लाजेपुरती मर्यादित नाहीत. तालुक्याच्या गावी जाण्याचे भाडे, त्या दिवसाची बुडणारी मजुरी, दवाखान्यात स्त्री डॉक्टर असेलच याची नसलेली खात्री आणि सोबत येण्यास नाखूश असलेला नवरा, हे सारे एकत्र येते. वैद्यकीय दृष्ट्या याला आणखी एक बाजू आहे. अनेक लैंगिक संसर्गांची लक्षणे पुरुषात लवकर दिसतात, स्त्रीत मात्र ती दीर्घकाळ लपून राहतात. उपचाराविना राहिलेली जखम वा दाह असेल तर एचआयव्हीचा शरीरात प्रवेश अधिक सुलभ होतो. म्हणजे एचआयव्ही महाराष्ट्रात येण्यापूर्वीच त्याची वाट गरीब स्त्रीच्या शरीरात तयार झालेली होती.

विवाहातील असुरक्षितता

पुण्यातील अभ्यासातल्या विवाहित स्त्रीकडे आता पुन्हा वळता येईल. संरक्षणासाठी तिच्यासमोर सैद्धांतिक दृष्ट्या दोन मार्ग होते : नकार किंवा निरोध. ज्या घरात तिचे अन्न, निवारा व मुले पतीवर अवलंबून आहेत तेथे नकाराला मारहाणीची वा माहेरी पाठविण्याची किंमत असते. निरोधाचा आग्रह धरणे म्हणजे पतीवर संशय व्यक्त करणे, किंवा स्वतःवर संशय ओढवून घेणे. यात कुटुंबनियोजनाच्या धोरणाने नकळत भर घातली. महाराष्ट्रात कुटुंबनियोजनाचा भार प्रामुख्याने स्त्रीच्या शस्त्रक्रियेवर टाकला गेला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील प्रजननक्षम वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आहे, पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्काही नाही. दोन-तीन मुलांनंतर पंचविशीतच 'ऑपरेशन' झालेल्या स्त्रीकडे निरोध मागण्याचे समाजमान्य कारणच उरत नाही. गर्भधारणेची भीती संपली, आता तो कशाला, या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नसते.

लागण झाल्यानंतरचा प्रवासही वर्गानुसार बदलतो. पतीच्या औषधपाण्यासाठी काढलेले कर्ज, त्याचा मृत्यू, 'तूच मुलाला खाल्लेस' हा सासरचा आरोप आणि घराबाहेर काढले जाणे, हा क्रम एड्सग्रस्त विधवांसोबत काम करणाऱ्यांना परिचित आहे. एचआयव्ही प्रतिबंधविषयक २०१७ च्या कायद्याने लागण झालेल्या व्यक्तीला कुटुंबाच्या सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. हा हक्क बजावण्यासाठी वकिलाकडे जावे लागते, ही गोष्ट वेगळी.

नोकरीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा एक निर्णय उल्लेखनीय आहे. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगाराला केवळ रक्ततपासणीच्या निष्कर्षावरून काम नाकारण्यात आले होते. काम करण्यास सक्षम असलेल्या व इतरांना धोका नसलेल्या व्यक्तीला या कारणास्तव डावलता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले आणि त्याला नाव गुप्त ठेवून दाद मागण्याची मुभाही दिली. त्याआधी १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या सुशिक्षित तरुणाला रक्तदानातून लागण उघड झाल्यावर सुमारे दोन महिने स्थानबद्ध ठेवण्यात आले होते. म्हणजे शिक्षण व प्रतिष्ठा यांचे कवचही अभेद्य नव्हते. तरी त्याच्या बाजूने न्यायालयात जाणारे, लिहिणारे व रस्त्यावर उतरणारे लोक होते. मुंबईत फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलिसांनी कुंटणखान्यांतून ज्या शेकडो मुली 'सोडवून' नेल्या, त्यांची रक्ततपासणी त्यांना न विचारताच झाली. त्यांच्यासाठी बोलणारे फार थोडे होते.

औषध आणि पैसा

वर्गाचा सर्वांत उघड परिणाम उपचारांच्या क्षेत्रात घडला. तीन औषधांचा एकत्रित उपचार परिणामकारक असल्याचे १९९६ पर्यंत सिद्ध झाले होते. भारतात शासकीय रुग्णालयांतून मोफत औषधे देण्यास प्रारंभ झाला १ एप्रिल २००४ रोजी; मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे पहिल्या केंद्रांपैकी एक. मधली आठ वर्षे या आजाराचे भवितव्य बव्हंशी रुग्णाच्या खिशावर अवलंबून होते. सिप्ला या भारतीय कंपनीने २००१ साली सेवाभावी संस्थांसाठी वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे सोळा हजार रुपये, अशी किंमत जाहीर केली, तेव्हा जगभर ती आश्चर्यकारक स्वस्त मानली गेली. विदर्भातील शेतमजुराला तीही आवाक्याबाहेरची होती. एकाच विषाणूची लागण झालेल्या दोघांपैकी एकजण आज साठीत असेल आणि दुसरा २००४ पूर्वीच मरण पावला असेल. दोघांच्या लैंगिक वर्तनात काडीचाही फरक असण्याची गरज नाही.

मोफत औषधांनी ही दरी बरीच बुजविली. आरोग्यविषयक धोरणाने वर्गभेदाचा परिणाम कमी करता येतो, याचे हे स्पष्ट उदाहरण होय. तरीही औषध मोफत असले तरी ते आणण्यासाठी लागणारा दिवस मोफत नसतो, आणि सहा महिने परजिल्ह्यात राबणाऱ्या कुटुंबाला आपल्या केंद्राशी संबंध टिकविणे कठीण जाते.

संघटनेचा अनुभव

सांगली येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या 'संग्राम' या संस्थेच्या कामातून १९९६ साली शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' हा संघ आकाराला आला. निरोधाचे वाटप व समज देण्याचे काम त्याच स्त्रियांनी आपल्या वस्तीत हाती घेतले. एकटीने निरोधाचा आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दाराशी जाते. सर्वच दारांवर एकच उत्तर मिळू लागले की ते मान्य करते. या स्त्रिया श्रीमंत झाल्या नाहीत, त्यांचा व्यवसायही बदलला नाही. बदलली ती त्यांची घासाघीस करण्याची ताकद, आणि आजाराला आळा घालण्यात तिचा वाटा मोठा होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये या व्यवसायातील स्त्रियांना सन्मानाने वागविण्याबाबत पोलिसांना निर्देश दिले, त्यामागे अशा संघटनांचे अनेक वर्षांचे श्रम आहेत.

घरातल्या स्त्रीला असा संघ नाही. ऊसतोडीच्या फडावर तर ती कामगार म्हणूनही स्वतंत्रपणे मोजली जात नाही. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला. लग्न झालेल्या मुलाला कोयता मिळतो, आणि तरुण मुलीला मागे एकटी कोणाच्या भरवशावर ठेवायची हा आईबापांपुढचा प्रश्न असतो. त्यामुळे लवकर लग्न हा या अर्थव्यवस्थेचाच एक भाग बनतो. उपरोक्त सर्वेक्षणात अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्या २० ते २४ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर बीड जिल्ह्यात ४० टक्क्यांहून अधिक आढळले. शरीरसंबंध केव्हा सुरू व्हावा, बाळंतपण केव्हा यावे, याचा निर्णय अशा प्रकारे तोडणीच्या हंगामाशी जोडला जातो. फडावर शौचालय नसते, पाणी लांबून आणावे लागते, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. याच जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणानुसार ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. गडचिरोलीत १९८९ साली नोंदल्या गेलेल्या त्याच तक्रारी, पांढरे जाणे व ओटीपोटातील वेदना, घेऊन यांतील अनेकजणी खासगी दवाखान्यांत गेल्या होत्या. साध्या औषधांनी बरा होऊ शकणारा आजार कायमचा मिटवावा आणि पुन्हा खाडा पडू नये, हा हिशेब डॉक्टरइतकाच त्या स्त्रीच्याही मनात होता. खासगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम त्यानंतर करण्यात आला. फडावरच्या पाण्याचा, शौचालयाचा आणि खाड्याच्या दंडाचा विषय त्या नियमाच्या कक्षेत येत नाही.